कलम लागते तिथेच जामीन ठरतो

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर गाडी चढली. एक जण ठार झाला, चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खानला अटक झाली आणि ९५० रुपयांच्या जामिनावर तो सुटला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. सतरा वर्षांच्या आरोपीला बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, आणि जामिनाच्या अटींत एक होती, अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. साडेनऊशे रुपये आणि तीनशे शब्द. या दोन आकड्यांवर महाराष्ट्राने जेवढा संताप काढला, तेवढा फार थोड्या निकालांवर काढला असेल.

तो समजण्यासारखाच होता. पण त्याचा रोख जामिनावर होता, आणि जामीन ही या साखळीतली बरीच उशिराची कडी आहे. गाडी चालवताना काही घडले आणि माणूस पोलीस ठाण्यात नेला गेला, की त्याला घरी जाता येणार की नाही हे बहुतेक वेळा न्यायाधीशासमोर जाण्याआधीच ठरलेले असते. ते ठरवतो गुन्हा दाखल करून घेणारा अधिकारी, कलमांचे आकडे लिहिताना.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करू, कारण त्यांच्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आहेत. हेल्मेट नाही, चुकीच्या बाजूला गाडी लावली, ई-चलन थकले, यासाठी अटक होत नाही. दंड होतो, लायसन्स अडकू शकते, प्रकरण लोकअदालतीत जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ ने गणवेशातल्या पोलिसाला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार मोजक्याच गुन्ह्यांसाठी दिला आहे आणि तेही गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडला तर: धोकादायक रीतीने गाडी चालवणे, नशेत चालवणे आणि दुसऱ्याची गाडी परवानगीशिवाय नेणे. शिवाय नाव-पत्ता सांगायला नकार देणाऱ्यालाही पकडता येते. शेवटची तरतूद लक्षात ठेवावी अशी. नाक्यावर ‘मी कोण आहे माहीत आहे का’ म्हणणारे पुष्कळ असतात, पण कायद्याला तिथे फक्त नाव आणि पत्ता हवा असतो.

नशेत चालवण्याच्या कलमाला एक अट जोडलेली आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली, तर त्या माणसाला सोडून द्यावे लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क, हा कायद्याचा मापदंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकतीस डिसेंबरच्या रात्री मुंबई-पुण्यात नाकाबंदीत सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्रवास गाडी जप्त, लायसन्स जप्त आणि मग न्यायालयात दंड असा होतो. कोठडीची पाळी क्वचितच येते. बाईमाणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

हे सगळे गुन्हे जामीनपात्र आहेत. अपघात होऊन कुणी जखमी झाले, तर भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ लागतात, तीही जामीनपात्र. माणूस मेला तर कलम १०६ चे पहिले उपकलम लागते. जुन्या दंड संहितेत हेच ३०४-अ होते आणि शिक्षा कमाल दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षे झाली, पण गुन्हा जामीनपात्रच राहिला. ९५० रुपयांचे कोडे इथे सुटते. त्या सकाळी जे कलम कागदावर होते, त्यात जामीन नाकारण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. जामीनपात्र गुन्ह्यात आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर त्याला सोडलेच पाहिजे. हा त्याचा हक्क आहे, अधिकाऱ्याची मर्जी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रसिकलाल विरुद्ध किशोर वाधवानी या खटल्यात स्वच्छ सांगितले आहे.

याच हक्काला आपल्याकडे ‘टेबल जामीन’ म्हणतात. न्यायालयात जायचे नाही, ठाण्यातल्या टेबलावरच कागद व्हायचे. अटक पंचनामा होतो, आरोपी ठरावीक रकमेचे बंधपत्र लिहून देतो, जामीनदार सही करतो आणि माणूस घरी जातो. रक्कम तिथे भरायची नसते. तारखेला हजर राहिलो नाही तर एवढे पैसे सरकारला देईन, अशी ती कबुली असते. जामीनदार मिळत नसेल तर अधिकाऱ्याला नुसत्या जातमुचलक्यावर सोडता येते, आणि आरोपी गरीब असेल तर तसे सोडावेच लागते. अटकेपासून आठवडाभरात ज्याला जामीनदार उभा करता आला नाही, तो गरीब आहे असे कायदा स्वतःहून मानतो. हे स्पष्टीकरण फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आले आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये तसेच आहे. बंधपत्राऐवजी रोख ठेवायची परवानगी मिळाली तर तिची पावती मिळते आणि खटला संपल्यावर ती रक्कम परत मागता येते.

कागदावर इतके सोपे असलेले काम प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहायचे असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या बातम्या वाचाव्यात. ‘टेबल जामीन देण्यासाठी’ हे शब्द त्यांत इतक्यांदा येतात की तो लाचेचा एक स्वतंत्र प्रकार वाटावा. जी गोष्ट आरोपीला फुकट आणि हक्काने मिळायची, तिचेच पैसे मागितले जातात आणि घाबरलेला माणूस देतो. कारण त्याला कुणी सांगितलेलेच नसते की त्याचा गुन्हा जामीनपात्र आहे. वास्तविक हे सांगणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ च्या दुसऱ्या उपकलमात ते लिहिलेले आहे.

मुळात इतक्या अटका व्हाव्यात असेही कायद्याला वाटत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे हे लिहून ठेवावे, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात घातला. नव्या संहितेत त्या नोटिशीचे कलम ३५ आहे. अपघाती मृत्यूचे साधे कलमही पाच वर्षांचे, म्हणजे या मर्यादेत बसणारे.

खरी उडी इथून पुढची आहे. कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू. कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध: मारायचा हेतू नव्हता, पण आपल्या कृतीने कुणी मरू शकेल याची जाणीव होती. पहिला जामीनपात्र, दुसरा अजामीनपात्र आणि दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. रस्त्यावरची घटना तीच, मृतदेह तोच, पंचनामाही तोच. फरक आरोपीच्या मनात काय होते याचा. आणि मनातले ठरवायचे आहे ठाण्यातल्या अधिकाऱ्याने, घटनेनंतरच्या काही तासांत, रक्ताचा अहवाल हाती नसताना, बाहेर गर्दी जमलेली असताना.

वांद्र्याच्या प्रकरणात हे कलम कितीदा आले-गेले ते पाहण्यासारखे आहे. आधी ३०४-अ, मग लोकक्षोभ उसळल्यावर सदोष मनुष्यवधाचे कलम आणि पुन्हा अटक. ऑक्टोबर २००२ मध्ये सलमान काही दिवस आत राहिला आणि मग जामिनावर सुटला. पुढे उच्च न्यायालयाने ते कलम काढले, अनेक वर्षांनी दंडाधिकाऱ्यांनी ते पुन्हा लावले. ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तेरा वर्षांत एका माणसाच्या स्वातंत्र्याचे पारडे दर वेळी एका आकड्याने हलत राहिले.

त्याच वांद्रे परिसरात कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ रोजी फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले आणि आठ जखमी झाले. ॲलिस्टर परेराला खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दारू पिऊन भरधाव गाडी चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असते, असे मानता येते, हे त्या निकालाने पक्के झाले. मला तो निकाल योग्यच वाटतो. पण त्याचा एक उपपरिणाम असा झाला की पोलिसांच्या हाती गाजलेल्या प्रकरणात वापरायला एक हुकमी पान आले. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे आले की १०५, नाहीतर १०६. नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकीस्वाराला उडवणाऱ्या मद्यधुंद चालकावर कुठले कलम लागते, हे विचारायला तिथे कुणी थांबत नाही.

या दोन कलमांमधली एक पायरी संसदेने बांधली आहे, पण ती वापरात आलेली नाही. कलम १०६ चे दुसरे उपकलम म्हणते की मृत्यू घडवून, पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा अजामीनपात्र. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत ट्रकचालकांनी चाके थांबवली, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि केंद्राने वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही असे आश्वासन दिले. फेब्रुवारीतल्या अधिसूचनेने बाकीची संहिता १ जुलैपासून लागू झाली, हे उपकलम वगळून. चालकांचे म्हणणे होते की थांबलो तर जमाव मारतो. ते खोटे नाही; मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ स्वतःच जमावाच्या क्षोभाचा अपवाद मान्य करते. मात्र पळून जाण्याची किंमत जामिनाच्या वेळी अशीही मोजावी लागतेच. जो घटनास्थळी थांबला नाही तो तारखेला येईल कशावरून, हा सरकारी वकिलाचा सगळ्यात सोपा युक्तिवाद असतो.

पुण्याच्या प्रकरणात आणखी एक गुंता होता. अल्पवयीनांचा जामीन सामान्य फौजदारी कायद्याने चालत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा नियम आहे. त्याच्या हिताला धोका किंवा न्यायाच्या उद्दिष्टाला बाधा, असे मोजकेच अपवाद. म्हणजे निबंध हास्यास्पद असेल, पण जामीन बेकायदा नव्हता. त्यानंतर जे झाले ते मात्र चमत्कारिक. जामीन रद्द न करताच २२ मे रोजी मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले, आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारले की जामिनावर असलेला माणूस बंदिस्त कसा? २५ जूनला त्याची सुटका झाली. लोकांच्या रागाला उत्तर म्हणून केलेली दुरुस्ती पाच आठवडेही टिकली नाही. त्याला प्रौढ म्हणून उभे करण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांचे आणि पालकांचे खटले हे त्याहून गंभीर, पण त्यावर विनोद करता येत नसल्यामुळे ते लवकर विस्मरणात गेले.

७ जुलै २०२४ ला वरळीत एका बीएमडब्ल्यूने दुचाकीवरच्या स्त्रीला फरफटत नेले. त्या प्रकरणातून आलेला निकाल प्रत्येक चालकाच्या कामाचा आहे. आरोपीचे म्हणणे होते की अटकेची कारणे आपल्याला लेखी दिली नाहीत. उच्च न्यायालयात ते टिकले नाही, पण ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा निश्चित केला: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची, लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. तसे केले नाही तर अटक आणि कोठडी बेकायदा. एका अत्यंत अप्रिय आरोपीच्या याचिकेतून, उद्या इंदापूरच्या टोलनाक्यावर पकडल्या जाणाऱ्या टेम्पोचालकाला मराठीत कागद मिळण्याची सोय झाली. कायद्याच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

आता जामीनदाराकडे वळू, कारण श्रीमंत आरोपींच्या चर्चेत हा माणूस कुणाला दिसत नाही. न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला असे नाही. ‘अमुक रकमेचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ हे आदेशातले वाक्य पुरे करायचे असते. जामीनदाराने रेशन कार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा सातबारा, घरपट्टीची पावती दाखवायची. मोठी रक्कम असेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. आधी कुणाकुणाला जामीन राहिलो हेही लिहून द्यायचे. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, पण त्यावर चार भावांची नावे आणि सोसायटीचा बोजा. नोकरदाराकडे पगाराची स्लिप असते, पण साहेबाला कळेल ही भीती. म्हणून न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे व्यावसायिक तयार होतात, आणि मग बनावट सातबारे व शिक्के वापरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या येतात. त्याचा परिणाम म्हणून पडताळणी कडक होते, आणि खऱ्या जामीनदाराला आणखी दोन दिवस लागतात. मुंबईत यावर ‘तात्पुरता रोख जामीन’ हा तोडगा रुळला आहे: आधी रोख भरा, बाहेर या, काही आठवड्यांत जामीनदार आणा. ज्याच्याजवळ रोख आहे त्याला ही सोय उत्तम.

ज्याच्याजवळ नाही, तो बहुधा परप्रांतातला चालक असतो. समृद्धी महामार्गावर उत्तर प्रदेशातल्या ड्रायव्हरच्या हातून अपघात झाला तर बुलढाण्यात त्याला कोण ओळखते? स्थानिक जामीनदाराचा आग्रह चुकीचा आहे, हे सांगून अर्धशतक होत आले. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची हमी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले: स्थानिक जामीनदाराची अट सुटकेला उशीर करते, ती घालू नये, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात बंधपत्र झाले नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या मदतीची योजनाही आणली, जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत. कागद चांगले आहेत. कोठडीतल्या माणसापर्यंत ते कुणी पोहोचवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

आदेश आणि दरवाजा यांच्यामधले अंतर किती असते, हे एका अभिनेत्याच्या मुलाच्या, आर्यन खानच्या अमली पदार्थांच्या प्रकरणात देशाने पाहिले. त्याचा मोटारीशी संबंध नव्हता, पण आर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे कागद टाकायची पेटी, सगळ्यांसाठी एकच. २८ ऑक्टोबर २०२१ ला जामीन, दुसऱ्या दिवशी जुही चावला जामीनदार म्हणून न्यायालयात हजर, पण कागद संध्याकाळी साडेपाचपर्यंत पेटीत पडले नाहीत. सुटका ३० तारखेला सकाळी. ज्यांच्यासाठी चित्रपट अभिनेत्री येत नाही, त्यांचे काय होते याचा अंदाज करावा.

अमेरिकेत गेलेली मराठी मुले कधी नशेत चालवण्याच्या गुन्ह्यात अडकली, तर तिथली व्यवस्था त्यांना अचंबित करते. बऱ्याच राज्यांत जामिनाचा रीतसर धंदा आहे. रकमेच्या साधारण दहा टक्के घेऊन बाँडवाला हमी देतो, आणि ते दहा टक्के परत मिळत नाहीत. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच बंद केला. आपल्याकडे हा धंदा कायद्याने मान्य नाही, म्हणून तो न्यायालयाच्या कँटीनजवळ चालतो.

गाडीचा जामीन वेगळा असतो, आणि खरे तर मालकाचे लक्ष बऱ्याचदा आधी तिकडेच असते. आरटीओची तपासणी होते, मग न्यायालयाकडून सुपुर्दनाम्यावर गाडी मिळते. ठाण्याच्या आवारात गाड्या गंजत ठेवू नयेत, पंधरा दिवस ते महिन्याभरात सोडाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात म्हटले. कोणत्याही पोलीस ठाण्यामागे चक्कर मारली की त्याची अंमलबजावणी कळते. ट्रक सुटला आणि चालक आत राहिला, असेही घडते. ट्रकचा हप्ता दर महिन्याला असतो.

जामीन झाल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि बहुतेक साध्या प्रकरणांत खरी कोठडी तिथूनच वाट्याला येते. दोषारोपपत्र दाखल व्हायला वेळ लागतो, मधल्या काळात माणूस घर बदलतो, गाव बदलतो, समन्स जुन्या पत्त्यावर जाते. मग जामीनपात्र वॉरंट, आणि तेही परत आले की अजामीनपात्र. सहा-सात वर्षांपूर्वी कुणाच्या तरी स्कूटरला धक्का दिल्याच्या प्रकरणात एक दिवस सकाळी पोलीस दारात येतात. जामीनपात्र गुन्ह्यातला जामीन हक्काचा खरा, पण बंधपत्राच्या अटी मोडून जो हजर राहिला नाही, त्याला पुढच्या वेळी जामीन नाकारता येतो; शिवाय गैरहजेरीसाठी न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वर्षभरापर्यंतची वेगळी शिक्षा आहे. नोटीस जामीनदारालाही जाते: रक्कम का वसूल करू नये, सांगा.

जामीनदाराला यातून बाहेर पडता येते. त्याने अर्ज दिला की दंडाधिकारी आरोपीला बोलावून घेण्यासाठी वॉरंट काढतात, बंधपत्र त्याच्यापुरते रद्द होते आणि आरोपीने नवा जामीनदार आणायचा असतो; नाही आणला, तर तो पुन्हा आत. गावाकडे असा अर्ज करणारे कमी. भाच्याच्या अपघातासाठी सही केलेला मामा तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या कोर्ट आहे एवढे सांगतो, आणि सकाळच्या एसटीत त्याच्या शेजारी बसून तालुक्याला जातो.